दहा ते बारा मोकळे

६ जानेवारी

भाऊजी,

पत्र पाहून दचकू नका. वर्षभरात मी तुम्हाला एक ओळ पाठवली नाही, पण त्यात तुमच्यावरचा राग नव्हता. कुणालाच काही लिहावंसं वाटत नव्हतं. डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा सांगायच्या, घरी यायचं, एवढंच चाललं होतं.

आता काम असं आहे की मार्चमध्ये मला दोन दिवस रजा मिळते आहे. बारकीला घेऊन तुमचं शहर पाहायला यावं म्हणते. ती बारा वर्षांची झाली, माझ्या चपला तिला लहान होतात. तुम्ही जन्मभर लोकांना ते जुनं शहर दाखवत आलात, तेव्हा दोन दिवसांत काय पाहायचं याचा बेत तुम्हीच आखून पाठवा. अट एकच. तुमच्या दादासाठी आखला होता तोच बेत हवा. त्याच वेळा, तोच क्रम, आणि त्यात मनोरा हवाच.

मनोऱ्यावर का जायचं ते सरळ सांगते. पोलिसांच्या कागदात लिहिलंय की मनोरा बंद होता, ह्यांनी गाइडांच्या कचेरीतली किल्ली कुणाला न विचारता घेतली, घड्याळाच्या मजल्यावरच्या सज्जाचा कठडा ढिला होता, त्याला धोक्याचं लाल फडकं बांधलेलं होतं आणि तरी हे तिथे गेले. शेवटी ‘कारण अस्पष्ट’. कागदावर अस्पष्ट आहे, लोकांच्या तोंडी अगदी स्पष्ट आहे. लाल फडकं समोर दिसत असताना हातपाय धड असलेला माणूस तिथे जाईल कशाला? त्यातून हे म्हणजे रिकामा रस्ता ओलांडतानाही दोनदा इकडेतिकडे बघणारे. म्हणजे हे पडले नाहीत, ह्यांनी उडी मारली. आणि का मारली, तर बायकोपायी. सासूबाई तसं तोंडाने म्हणत नाहीत. मी खोलीत आले की उठून जातात.

मला तो कठडा डोळ्यांनी बघायचाय. तिथून माणूस चुकून पडू शकतो, की त्याला मुद्दाम पडावं लागतं, एवढं मला कळू द्या. ते कळल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

तुमची वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि पाकीट दोन दिवस कपाटावर तसंच ठेवलं. उघडायला हात होत नव्हता. पण तुम्ही येताय हे वाचून बरं वाटलं. बारकीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती माझ्या टोपीत मांजराचं पिल्लू लपवत होती.

तर बेत ऐका. पहिल्या दिवशी सव्वानऊला तुमची गाडी येते, मी स्टँडवर हजर. तिथून घरी. चहा, अंघोळ, विश्रांती. बारा वाजता राजवाडा, कारण त्या वेळी शाळांच्या सहली जेवायला बसलेल्या असतात आणि दालनं आपल्याला मोकळी मिळतात. राजवाड्याला चार दारं आहेत. राजाने तीन दारांशी तीन राण्यांना पळून जाताना पकडलं आणि चौथ्यातून स्वतः पळाला, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. इतिहासात असलं काही नाही, ते माझ्याच डोक्यातून निघालंय. पण लोकांना राजवाड्यातलं तेवढंच लक्षात राहतं! तीन वाजता पुस्तकं बांधणाऱ्यांची गल्ली, मग दगडी पूल. पुलावर पाचच्या सुमारास जायचं, तेव्हा ऊन तिरपं येतं आणि नदीत अख्खी तटबंदी दिसते. दुसऱ्या दिवशी जुना तुरुंग, तो फार मजेशीर आहे, मग संग्रहालय, आणि दुपारी नावेतून एक फेरी.

मनोरा तेवढा नाही. कुलूप आहे, आणि ते कुणी उघडत नाही. खरं सांगायचं तर वर बघण्यासारखं काही नाही, कबुतरांची घाण आणि बंद पडलेलं घड्याळ. दादाचं जे झालं ते झालं. तुम्ही तिथे जाऊन जुनी जखम उकरू नका. पोरीला नाव दाखवू, पूल दाखवू, तिला हसवू. ते काम माझ्याकडे लागलं.

तुमचा भाऊजी


२१ जानेवारी

भाऊजी,

सव्वानऊला उतरायचं आणि बारापर्यंत विश्रांती? अहो, मी सहा तास गाडीत बसून येणार आहे, खाणीत दगड फोडून नाही. दहा ते बारा तुम्ही मोकळे सोडलेत. अठरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर वेळापत्रकं आहेत. दोन गाड्यांमध्ये अशी मोकळी जागा दिसली की आम्हाला कळतं, तिथली गाडी रद्द झालीय आणि कुणी सांगायला तयार नाही. त्या दोन तासांत हे मनोऱ्यावर होते. तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून ते गाळलंत, हे समजतं. पण माझी काळजी करू नका.

तुम्हाला सगळं ठाऊक नाही म्हणून सांगते. ह्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. अडीच महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर वाचनालयात बसायचे आणि सातला घरी यायचे. वर मला विचारायचे, आज खिडकीवर गर्दी होती का. मला कळलं ते एका जुन्या गिऱ्हाइकाकडून, तेही खिडकीवर, मागे पंधरा माणसांची रांग असताना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी वाट्टेल ते बोलले. ‘तुमचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही मला,’ हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडे निघून आले. तिसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं तेव्हा चेहरा कापडाने झाकलेला होता आणि कापड काढू नका असं सांगितलं होतं.

बारकी आतल्या खोलीत हे सगळं ऐकत होती. मागच्या आठवड्यात वेणी घालता घालता तिने विचारलं, ‘आई, बाबांनी तुझ्या बोलण्यामुळे उडी मारली का?’ मी म्हटलं, मला माहीत नाही. ‘मग कुणाला माहीत आहे?’ म्हणाली. म्हणून हा प्रवास, भाऊजी. सहलीची हौस कुणाला आहे?

ह्यांच्या कॅमेऱ्यातला रोल इतके दिवस पेटीत पडून होता, तो आत्ता धुऊन आणला. शेवटचा फोटो तुमचा आहे. चौकात उभे आहात, हातात ती तुमची गट जमवायची काठी, काठीला लाल फडकं, आणि तुम्ही अगदी खळखळून हसताय. त्याच सकाळचा ना हा? मग ते तुमच्याशी बोलले असतील. काय बोलले? चेहरा कसा होता? माझं नाव काढलं का? बेत राहू दे बाजूला, आधी एवढं सांगा.

वहिनी


८ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. हंगाम आहे, रोज तीन तीन गट असतात, घसा बसलाय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर बोलणार नव्हतो. त्या सकाळी दादाचं मन जड होतं. चहा तसाच ठेवला. बोलला फार नाही. तुमचं नाव काढलं नाही. मी चौकात गटाची वाट बघत होतो, त्याने फोटो काढला, मग म्हणाला, जरा पाय मोकळे करून येतो. किल्ली त्याने कधी घेतली हे मला कळलंच नाही. मला संशय यायला हवा होता, तो आला नाही, हा माझा दोष. यापलीकडे मला काही माहीत नाही. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. मनात आलेलं माणूस करतोच, त्याला दुसऱ्याचं बोलणं निमित्त होतं इतकंच.

मनोऱ्यावर जाण्यात म्हणूनच अर्थ नाही. पोरीला तर नकोच. हवं तर बेत दीड दिवसाचा करू, तुरुंग गाळू, पुलावर जास्त वेळ बसू.

एक मागणं आहे. तो फोटो मला पाठवाल का? दादाने काढलेला माझा एवढाच एक. निगेटिव्हही पाठवा, म्हणजे मी इथे मोठा करून घेतो.

तुमचा भाऊजी


१४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या पत्राने निकाल लागला. कुणीतरी एकदाचं खरं सांगितलं, त्याबद्दल तुमचे उपकार मानते. ते सांगायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते उशीर झाला त्यावरूनच कळलं.

बारकीला त्याच संध्याकाळी सांगितलं. हो, माझ्या बोलण्यामुळे. तिने दप्तर भरलं, दोन फ्रॉक घेतले आणि पलीकडच्या गल्लीत आत्याकडे राहायला गेली. शाळेच्या फाटकाशी मी उभी होते तर दुसऱ्या दाराने निघून गेली. आणि तिचं चुकत नाही. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.’

आता कठडा बघायचं कारण उरलं नाही. रजा रद्द केली, तुम्हीही बेत रद्द करा. तुमचा फोटो आणि निगेटिव्ह याच पत्रात गुंडाळून पाठवते आहे. छान आलाय. ह्यांचा हात त्या दिवशीही हलला नव्हता.

वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

फोटो मिळाला. मी काडेपेटी घेऊन बसलो होतो, हे आधी कबूल करतो. पण फोटो तुमच्या पत्रात गुंडाळलेला होता म्हणून पत्र वाचावं लागलं. बारकी दप्तर भरून गेली हे वाचलं आणि काडी ओढवेना. फोटो आणि निगेटिव्ह परत पाठवतोय. जपून ठेवा, कारण तो पुरावा आहे.

मागच्या पत्रातलं सगळं खोटं आहे. पोलिसांना सांगितलं तेही खोटं. तुम्हाला दादाचा बेत हवा होता ना, तो लिहितो.

त्याच्या आधी मनोऱ्याचं ऐका. सज्जाच्या कठड्याचा एक गज तीन महिन्यांपासून तळातून सुटला होता. आम्ही गाइडांनी अर्ज दिला, कुणी फिरकलं नाही, नुसतं दाराला कुलूप लावून गेले. किल्ली आमच्या कचेरीत दाराच्या मागे टांगलेली. घरचं माणूस आलं की आम्ही किल्ली काढायचो आणि त्याला वर न्यायचो, सगळेच गाइड करतात. गजाला लाल फडकं बांधून ठेवलं होतं. लाल दिसेल तिकडे जायचं नाही, एवढं सांगितलं की आमचं काम झालं.

आठ वाजता घरी चहा. दादा दोन कप प्याला. माझ्या बनियनची भोकं मोजून हसला. तुमचं नाव काढलं, वहिनी. म्हणाला, ‘ती चिडली ते बरोबरच आहे. अडीच महिने मी तिला फसवलं. उद्या घरी गेलो की आधी माफी मागतो आणि मग कुठे काम मिळतंय का बघतो. ती बोलते खूप, पण ऐकून घेते.’ यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे.

पावणेदहाला मी एकटा वर गेलो. दादाला ते जुनं घड्याळ आतून बघायचं होतं, म्हणून यंत्रावरची धूळ झाडून ठेवावी म्हटलं. माझ्या काठीचं फडकं आदल्या दिवशी बाजारात हरवलं होतं आणि दहा वाजता चाळीस माणसांचा गट यायचा होता. काठीला फडकं नसलं की त्या गल्ल्यांतून माणसं पांगतात, मग अर्धा दिवस शोधण्यात जातो. मी गजाचं फडकं सोडलं आणि खिशात घातलं. तासाभराने परत बांधू म्हटलं.

दहाला चौकात दादाने फोटो काढला. तुम्ही ज्याचं वर्णन केलंत ते फडकं तेच. किल्ली त्याने घेतली नाही, मी माझ्या हाताने दिली. सज्जाचं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात गट आला. मी काठी वर केली आणि राजाच्या चार दारांची गोष्ट सुरू केली. सगळे हसले. दादा वर गेला.

दहा चाळीसला वरून हाक आली. गट तेव्हा पलीकडे चहाला बसला होता, चौकात वर बघणारा मी एकटाच होतो. दादा सज्जात उभा होता, हात काळे झालेले, दिसत होते खालूनसुद्धा. ओरडून म्हणाला, ‘अरे, चाकाचा एकच दात तुटलाय रे! बाकी सगळं शाबूत आहे! मी चालू करून देतो हे!’ आणि मला नीट ऐकू जावं म्हणून पुढे वाकला आणि त्या गजाला धरलं.

उडी नाही, वहिनी. उडीचा विचारसुद्धा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याला इतका खूश बघितलेला नाही.

आता राहिलं ते सांगतो. लोक त्याच्याकडे धावले. मी धावलो नाही. मी जिना चढलो. काठीचं फडकं सोडलं, उरलेल्या कठड्याला बांधलं आणि मग खाली आलो. डॉक्टर म्हणाले तो लागलीच गेला होता, कुणी काही करू शकलं नसतं. पण जिना चढताना मला ते माहीत नव्हतं.

मला वाटलं होतं, एवढ्याने माझं लायसन्स वाचेल, तुरुंग टळेल, बाकी कुणाचं काही बिघडणार नाही. फडकं बघून तुम्ही सगळे काय समजाल हे डोक्यात आलं नाही. पुढे आलं, तरी मी गप्प राहिलो. मला क्षमा करा. बारकीला सांगा, क्षमा कर. क्षमा मागायचीही माझी लायकी नाही, पण दुसरं काय मागू?

भाऊजी


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मला आधी आनंद झाला. लाज वाटावी इतका. खिडकी बंद करून मी आत फरशीवर बसले आणि बाहेर लोक काचेवर टकटक करत राहिले. हे हसत होते, माझी बाजू घेत होते, उद्याचं बोलत होते. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि आनंद गेला. ह्यांचं ते बोलणं माझं होतं, माझ्यासाठीच बोलले होते. चौदा महिने ते तुम्ही स्वतःकडे ठेवलंत, आणि मी मागायला आले तर त्याऐवजी भलतंच हातात दिलंत. मनोऱ्यावर झाली ती चूक होती. आठ फेब्रुवारीचं पत्र ही चूक नव्हती.

आत्याकडे जाऊन बारकीला तुमचं पत्र वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. शेवटपर्यंत मान खाली घालून बसली होती. मग एवढंच विचारलं, ‘पडताना पण बाबा खूशच होते का?’ मी म्हटलं, हे मला नाही सांगता यायचं, ज्याने बघितलं त्याला विचार. त्यावर ती माझ्या मांडीवर डोकं टाकून रडली, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. घरी आलीय आता. अजून माझ्याशी मोजकंच बोलते. मी एकदा ‘हो’ म्हटलं होतं, ते तिच्या मनातून इतक्यात जाणार नाही, आणि तो ‘हो’ तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलात.

सासूबाईंनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि स्वतः वाचलं. नंतर माझ्यासमोर बसून राहिल्या, उठल्या नाहीत.

बेत मी आखलाय. बारा मार्चला आम्ही तिघी येतो. गाडी सव्वानऊला पोचते, स्टँडवर येऊ नका. दहा वाजता चौकात, फोटोत उभे आहात त्या जागी उभे राहा. बारकी तिचा प्रश्न विचारेल. तिला खरं उत्तर द्या, जे असेल ते, आणि गटासमोर बोलता त्या आवाजात नको. सासूबाईंना ऐकायला कमी येतं, त्यांना वेगळं आणि मोठ्याने सांगावं लागेल. चौकात माणसं असली तरी मोठ्यानेच सांगा.

अकरा वाजता पोलीस ठाणं. तुमचं पत्र आणि फोटो मी घेऊन येते. मी ते नुसते टेबलावर ठेवणार, बोलायचं तुम्ही. तिथे कितीही वेळ लागला तरी आम्ही बाकावर बसून राहू, कागदावर ‘कारण अस्पष्ट’ खोडलं जाईपर्यंत. त्यानंतर तुमचं काय होईल ते मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

तिथून पुढचं शहर आम्ही आमचं आमचं बघू. बारकीला नदी बघायचीय. गाइड नको.

तुम्ही क्षमेचं लिहिलंत. शोधून पाहिली, माझ्याकडे नाही. पुढे कधी असेल का, तेही मला सांगता येत नाही, म्हणून वाट बघू नका.

परतीची गाडी साडेपाचला आहे. पोचवायला येऊ नका.

वहिनी